मदत हवी आहे: कॅरव्हॅनचं पुढचं वजन जास्त भरतंय

इंग्लंडमध्ये जुनी दोन-बर्थ कॅरव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतली आहे. ऑक्टोबरअखेर दोघं आठवडाभर स्कॉटलंडला जाणार. लायसन्स इथलंच. सामानासकट वजन १२०० किलो, गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत. जादा आरसे, कॅरव्हॅनच्या दिव्यांसाठी १३ पिनांचं सॉकेट झालं.

अडलंय टोबॉलवर, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्यावर कॅरव्हॅनचं पुढचं टोक टेकतं तिथल्या भारावर. कॅरव्हॅनच्या वजनाचे ५ ते ७ टक्के धरले तर ६० ते ८४ किलो चालावेत, पण टोबारची (तो गोळा धरणाऱ्या दांड्याची) मर्यादा ७५ आणि काट्यावर येतात ८८! ऑनिंग (बाजूला लावायचा तंबू), डबे, पाणी ॲक्सलवर हलवून झालं. अगदी मागे टाकायचं नाही, कॅरव्हॅन डोलते. उरली पुढच्या कप्प्यातली ६ किलोवाली प्रोपेनची बाटली. थंडीत ब्युटेन नकोच.

साइटवर वीज नाही, हीटर गॅसवरच. ३.९ किलोच्या बाटलीत आठवडा निघेल का, की आणखी काही हलवता येईल?