‘निगेटिव्ह डिक्लरेशन’ला मराठीत काय म्हणावे?

धरमपेठेतील अनुवादक
न्यूयॉर्क राज्यातील एका ‘व्हिलेज’ने झोनिंगची, म्हणजे जमिनीच्या वापरानुसार विभाग पाडण्याची, नवी संहिता आणली. तिच्या पर्यावरणीय परिणामांची छाननी कशी झाली, हे सांगणाऱ्या टिपणाचे भाषांतर मी करीत आहे. तेथील १९७५ च्या कायद्यानुसार केवळ कारखानाच नव्हे, तर जमिनीच्या वापराचे नियम बदलणारा ठरावही तपासावा लागतो. मोठा अपाय संभवत नाही असे ठरले, तर ‘निगेटिव्ह डिक्लरेशन’ निघते आणि संहितेचा मार्ग मोकळा होतो. अपाय संभवतो असे ठरले, तर ‘पॉझिटिव्ह डिक्लरेशन’ निघते आणि सविस्तर अहवाल करावा लागतो. पहिल्या खर्ड्यात मी ‘नकारात्मक घोषणा’ असे लिहिले. तो वाचून थोरल्या भावाने विचारले, ‘‘म्हणजे गावाने संहिता फेटाळली ना?’’ नेमका उलटा अर्थ पोहोचला. दुसरी अडचण अशी की, ही घोषणा करणारे ‘बोर्ड ऑफ ट्रस्टीज’ म्हणजे त्या व्हिलेजचे निवडून आलेले मंडळच आहे. ‘विश्वस्त मंडळ’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर देवस्थान उभे राहते.

महालातील प्रयोगशाळा तंत्रज्ञ
‘निगेटिव्ह’ तसेच ठेवावे. करोनाच्या काळात अहवाल निगेटिव्ह आला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्या माणसांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ‘नकारात्मक’ म्हटले की मात्र लोकांना स्वभाव आठवतो.

निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर
प्रत्येक अडचणीवर इंग्रजी शब्द तसाच ठेवणे हाच उपाय असेल, तर भाषांतर कशासाठी करायचे? आपल्या शासकीय मराठीत ‘ना हरकत प्रमाणपत्र’ आहे, विकास योजनेत ‘ना-विकास विभाग’ आहे. त्याच धर्तीवर ‘ना-आघात घोषणा’ करता येईल. ‘पर्यावरण आघात मूल्यांकन’ हा शब्दप्रयोग रूढ आहेच. हिंदीतील राजपत्रात त्यालाच ‘समाघात निर्धारण’ म्हणतात.

तंत्रज्ञ
ताई, नागपूरकराला ‘आघात’ म्हटले की मे महिन्यातला उष्माघात आठवतो. घरी बोलताना तर आम्ही ‘लू लागली’ असेच म्हणतो.

नगररचना सल्लागार
शब्दापेक्षा वस्तू आधी पाहावी, अशी माझी विनंती आहे. आपल्याकडे पर्यावरण आघात मूल्यांकनाची १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना प्रकल्पाला लागू होते: इमारतीचे बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर पर्यावरण मंजुरी लागते. परंतु १९६६ च्या नगररचना कायद्याखाली एखाद्या गावाची शेतजमीन रहिवास विभागात टाकली, तर त्या बदलासाठी ही प्रक्रिया लागू होत नाही. तेथे नागरिकांच्या ‘हरकती व सूचना’ असतात. म्हणून ‘आघात’ हा शब्द आपल्याला खटकला नाही, कारण आपण तो एकेका प्रकल्पासाठीच वापरत आलो. घाव एकदाच बसतो, तो कोणी घातला हे दिसते, त्याची तारीख सांगता येते. नियमाचे तसे नसते. नियम बदलल्या दिवशी झाडाचे पानही हलत नाही. पुढे वीस वर्षांत एकेक ले-आउट पडतो, प्रत्येक ले-आउट स्वतःपुरता निरुपद्रवी असतो आणि शेवटी पावसाचे पाणी ज्या नाल्याने जात होते तो नालाच सापडत नाही. झोनिंगच्या छाननीत पाहायचे असते ते हेच साचत जाणारे ओझे, आणि त्याला ‘परिणाम’ हाच शब्द शोभतो.

शिक्षिका
२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातील अंबाझरी तलावाचे पाणी ज्यांच्या घरांत शिरले, त्यांना ‘हा परिणाम आहे, आघात नव्हे’ असे आपण सांगून पाहावे.

सल्लागार
आपला मुद्दा मी मान्य करतो. पण ती पहाट हा आघात असेल, तर त्याआधीची कित्येक वर्षे कोणत्या शब्दात बसवायची?

हिंगण्याकडील शेतकरी
तुम्ही ‘झोन’ या शब्दाला हातच लावला नाही. शहरात ‘झोनमध्ये जाऊन येतो’ म्हणजे महापालिकेच्या दहापैकी एका झोनच्या कचेरीत कर भरायला जाणे. आमच्या गावात ‘झोन बदलला’ म्हणजे नकाशावर हिरवे होते ते पिवळे झाले आणि दलाल बांधावर येऊन उभे राहिले. आता यांना ‘परिमंडळ’ म्हणाल, तर पोलीस आणि वीज कंपनी दोघेही आधीच तेथे बसलेले आहेत.

जुन्या मध्य प्रांतात जमिनीचा वापर ठरवायला आपलेच शब्द होते. कोणाची गुरे कोठे चरतील, सरपण कोठून आणायचे, हे ‘निस्तार पत्रका’त लिहिलेले असे, वाटा, पाणी आणि मासेमारी यांचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये असत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत हे दोन्ही आजही आहेत. माझ्या आजोबांच्या मते ‘निस्तार’ म्हणजे गावाने आपले गावातच निस्तरणे.

शिक्षिका
आजोबांची व्युत्पत्ती गोड आहे. ‘निस्तार’ आणि ‘निस्तरणे’ यांचे मूळ एकच, ‘पार पडणे’ या अर्थाचे. परंतु मराठीत निस्तरायचा असतो तो दुसऱ्याने घातलेला घोळ, आणि महसुली निस्तार हा तर हक्क आहे.

शेतकरी
हक्क होता खरा, पण आता आम्ही घोळच निस्तरतो आहोत. ‘झुडपी जंगल’ या नोंदीचेच पाहा. महसूल खात्याने खुरट्या झुडपांची जमीन म्हणून हा शब्द लिहिला आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशी जमीन वनच आहे असे सांगावे लागले.

अनुवादक
सर्वांचे आभार. ‘परिणाम-छाननी’ हा शब्द मी घेतला आहे. ‘ना-आघात’ सोडून ‘मोठा अपाय संभवत नाही, असा निर्णय’ एवढे लांबलचक लिहिले आहे आणि पहिल्या उल्लेखाजवळ ‘निगेटिव्ह डिक्लरेशन’ देवनागरीत ठेवले आहे. ‘व्हिलेज’ला ‘गाव’ म्हणावे की ‘नगरपंचायत’, हे मात्र अडले आहे, कारण तेथे ‘व्हिलेज’ हे ‘टाऊन’च्या पोटात असते आणि तरीही त्याचा कारभार व झोनिंग स्वतंत्र असते. ‘ट्रस्टीज’बद्दल कोणीच काही सुचविले नाही. नागपुरात सुधार प्रन्यास (इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) १९३६ च्या कायद्यापासून आहे, तेव्हा ‘प्रन्यासी’ चालेल का?

तंत्रज्ञ
चालणार नाही. ‘प्रन्यास’ म्हटले की नागपूरकर आधी विचारील की प्लॉट नियमित झाला का.

शिक्षिका
‘झुडपी’ की ‘झुडुपी’, याचाही एकदा निकाल लागावा. मूळ शब्द ‘झुडूप’ असा आहे.

शेतकरी
ताई, आमच्या सातबाऱ्यावर ‘झुडपी’ आहे. आता तेथे उकार वाढवायचा, तर तहसीलला अर्ज करावा लागेल.