‘पॅरिश’ला मराठीत काय म्हणायचं?

खडूफळा:
इंग्लंडमधल्या डर्बीशायरातल्या ईम गावावर मराठीत लिहितोय (स्पेलिंग बघून मी वर्षभर ‘इयाम’ म्हणत होतो). १६६५ साली लंडनहून शिंप्याकडे कापड आलं, त्यातून प्लेग आला आणि मग पाद्री मॉम्पेसनच्या सांगण्यावरून गावाने स्वतःलाच कोंडून घेतलं, ते गाव. पण पहिल्याच ओळीत ‘पॅरिश’पाशी (म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा इलाखा) गाडी अडलीये. गाव लिहू का सरळ?

वसईकर:
आमच्या वसईत कॅथलिक लोक पॅरिशला धर्मग्राम म्हणतात, डायोसीजला (बिशपच्या हाताखालच्या मोठ्या इलाख्याला) धर्मप्रांत. गोव्यात कोंकणीत फिर्गज. तयार शब्द आहे की, नवीन कशाला पाडायचा?

खडूफळा:
धर्मग्राम झकास आहे, पण इंग्लंडातली जुनी पॅरिश नुसती चर्चपुरती नव्हती हो. १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसायची जबाबदारी पॅरिशवर, त्यासाठी घरपट्टीसारखा कर पण तीच गोळा करणार. १६६२ नंतर तर वर्षाला १० पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या घरात कोणी बाहेरचा येऊन राहिला आणि उद्या आपल्या गळ्यात पडेल असं वाटलं, तर ४० दिवसांच्या आत तक्रार करून त्याला मूळ पॅरिशला परत धाडता यायचं. लग्नाशिवाय गरोदर राहिलेल्या बाईला तर बाळंत व्हायच्या आधी शिवेबाहेर काढायची घाई, कारण पोर जिथं जन्मेल तिथलं! म्हणजे देऊळ, चावडी आणि अन्नछत्र सगळं एकात. चर्चपासून वेगळी निवडून आलेली पॅरिश कौन्सिल १८९४ च्या कायद्याने आली, तिला ग्रामपंचायत म्हटलं तर चालेल, पण त्याआधीचं काय?

मोडीवाला:
मग ‘पॅरिश’च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथं दोन ओळीत समजावून सांगा, ‘तालुका’ तरी कुठं आपला होता. वंशावळीवाल्यांची खरी अडचण वेगळीच. १५३८ पासून बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहायची रजिस्टरं सुरू झाली, त्यात लग्नाच्या नोंदीत नावापुढे ‘ऑफ धिस पॅरिश’ असतं. लोक त्याचं ‘या पॅरिशचा’ करतात, वाचताना दाताखाली खडा आल्यासारखं होतं. आपल्या जुन्या कागदात ‘मौजे मजकूर’ असायचं ना, म्हणजे वर सांगितलेलं तेच गाव, तेच इथं फिट बसतं: ‘दोघेही राहणार मौजे मजकूर’.

खडूफळा:
काका, मजकूर एक नंबर! आता अजून एक. ईममध्ये एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं एकटीने शेतात पुरली. अशा बाईला त्या काळच्या नोंदीत ‘रिलिक्ट’ म्हणायचे. विधवाच लिहू ना?

मोडीवाला:
अर्थ विधवाच. पण मूळ लॅटिनमध्ये तो ‘मागे राहिलेली’ असा आहे. तुमच्या बाईसाठी मी तेच लिहीन, ‘मागे राहिलेली’.