मदत हवी आहे: थर्मल स्कॅन नॉर्मल आला, तरी मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करायची ना?

नमस्कार मंडळी. नागपुरात मनीषनगरच्या आमच्या सोसायटीत महिलांसाठी स्तन तपासणी शिबिर झालं. थर्मल कॅमेऱ्याने फोटो काढले. हात लावणं नाही, दाबणं नाही, रेडिएशन नाही. आईचा (वय ५६) रिपोर्ट नॉर्मल आला आणि आता ती मॅमोग्राफीला नाहीच म्हणते.

मी वाचलं त्याप्रमाणे हा कॅमेरा त्वचेतून निघणारी इन्फ्रारेड उष्णता मोजतो, आतली गाठ दाखवत नाही. थर्मोग्राफी (म्हणजे हेच थर्मल स्कॅन) मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही, असं अमेरिकेच्या एफडीएनेही (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) स्पष्ट सांगितलंय. शिवाय आधी स्थिर तापमानाच्या थंड खोलीत थोडा वेळ बसवावं लागतं. इथे भर मे महिन्यात बाया उन्हातून आल्या की थेट कॅमेऱ्यापुढे!

बाबांना शुगर आहे. शुगरवाल्यांच्या पायांचंही असं थर्मल स्कॅन करतात; दोन्ही तळपायांच्या त्याच जागी तापमानात २.२ अंश सेल्सिअसहून जास्त फरक टिकला तर जखमेची पूर्वसूचना धरतात. हा उपयोग मला जास्त पटतो.

तर मॅमोग्राफीसाठी मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) बरं की मिहानचं एम्स? लेडी टेक्निशियन असली तर आई तयार होईल. आणि पायाचं असं स्कॅन नागपुरात कोणी करून घेतलंय का? अनुभव असेल तर सांगा न जी.