यंदा घरात काय बदललं? कोल्हापूरकरांचे अनुभव

वजन, शुगर, बीपी, सकाळचं फिरणं, पोरांचा मोबाईल, पुराची धास्ती. ज्याच्या घरी जे चाललंय ते लिहा. जमलेलंच लिहावं असं काही नाही. उपदेश तेवढा नको, तो पावणे घरी येऊन फुकट देतात.

मी सुरुवात करते. मंगळवार पेठेत आमचं एकत्र घर. सासूबाईंना डॉक्टरांनी साखर बंद सांगितली आणि त्यांनी त्याच दिवशी गुळाचा चहा सुरू केला. "गूळ आपल्या मातीतला, त्यानं काय होतंय?" कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं, पण मानांकनानं शुगर उतरत नाही. यावरून आमच्यात बरंच वाजलं. तोडगा सासऱ्यांनी काढला. स्टीलचे मोठे पेले माळ्यावर टाकले आणि पाहुण्यांसाठी जपून ठेवलेले चिनी मातीचे छोटे कप रोजच्या वापराला काढले. सासूबाई कपात बोट घालून खोली मोजतात आणि म्हणतात, "माझ्याच घरात मला पावणी करून ठेवलीय." पण चहा निम्म्यावर आला.

राजारामपुरी, लॅबमध्ये नोकरी

ताई, गुळाचं बरोबर लिहिलंत. गूळही बहुतांशी साखरच. आमच्याकडं रोज दिसणारी गंमत सांगतो. एचबीए१सी ही शुगरची तपासणी करायची असली की माणसं आधी दोन-तीन दिवस गोड बंद करून येतात. एका मावशी तर म्हणाल्या, "काल रात्रीपासून पाण्यावर हाय, आता बघूच कशी वाढतीया." ही तपासणी कालचं जेवण बघत नाही. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर आम्ही मोजतो, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब निघतो. ५.७ टक्क्यांच्या खाली ठीक, ६.५ किंवा वर गेलं की मधुमेह, मधलं ते काठावरचं. गणपतीतले मोदक दसऱ्याला सापडतात. रिपोर्ट हातात घेऊन "मशीन बदला तुमचं" म्हणणारेही आहेत.

फुलेवाडी, निवृत्त

रंकाळ्याला रोज सकाळी जातो. वजनाचं विचारू नका. चालून झालं की आमचा घोळका कट्ट्यावर बसतो आणि कुणीतरी मिसळीचा विषय काढतोच. एवढं मात्र खरं, घरी बसलो असतो तर बायकोशी भांडून बीपी वाढवलं असतं.

कट्ट्यावर सध्या मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापुरातल्या सर्किट बेंचचा विषय संपत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ते सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांची सोय. बाहेरच्यांना ही बातमी वाटेल, आमच्या घरी ती भावाच्या कंबरेची गोष्ट आहे. जमिनीची केस हायकोर्टात. तारखेला आदल्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठायची, दिवसभर कोर्टात उभं राहायचं, पुढची तारीख घेऊन परत रात्रीच्या गाडीत. मणक्याचा त्रास त्यातच वाढला. आता तो इथंच सीपीआर दवाखान्यासमोरच्या बेंचात जातो आणि जेवायला घरी येतो. केस आहे तिथंच आहे, पण वहिनी म्हणतात निदान माणूस रात्री अंथरुणात झोपतोय.

गंगावेस, दुकानदार

माझं सगळ्यांपेक्षा वेगळं. विशीपर्यंत तालमीत होतो. जोर, बैठका, लढती आणि त्यावर थंडाई, तूप, कट्ट्यावरचं म्हशीचं धारोष्ण दूध. खासबागेच्या मैदानात एक-दोन कुस्त्या पण झाल्यात. मग दुकान आलं, लग्न झालं, तालीम सुटली. खुराक काय सुटला नाही. माजी पैलवान लांबून कसा ओळखायचा, तर पोटावरून.

आई अजून रात्री बदाम भिजत घालते. नको म्हटलं की तिला वाटतं सुनेनं शिकवलं. बायको म्हणती, "तुमच्या मायलेकात माझ्यावर बिल फाडू नका." शेवटी आईलाच म्हटलं, गुडघे तुझे दुखत्यात, बदाम तू खा. दूध एक कप करून घेतलं आणि सकाळी तालमीत जाऊन नुसत्या बैठका मारतो. आखाड्यात उतरत नाही, पोरं हसतील.

तांबडा-पांढरा सोडलेला नाही आणि सोडणारही नाही. युक्ती एकच सांगतो. आपल्याकडं वाटी रिकामी दिसली की वाढणाऱ्याचा हात थांबत नाही. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध, काजू, खसखस. तांबड्यावर बोटभर कट, म्हणजे तेलाचा तवंग. "नको" म्हटलं की काकू रागावतात आणि दुप्पट ओततात. म्हणून वाटीच्या तळाला दोन घोट ठेवूनच द्यायचे. कट चमच्यानं बाजूला सारायचा, पण काकूंची नजर दुसरीकडं असताना.

शिरोळ तालुका

माधुरी हत्तीणीला नांदणीच्या मठातून गुजरातला, अंबानींच्या वनतारात नेलं, त्या दिवशी आमच्या घरात कुणी जेवलं नाही. आजीनं तर घरातले सगळे मोबाईल पुढ्यात घेतले आणि अंबानींचं जिओ सोडून कंपनी बदलून आणल्याशिवाय कुणाला हातात घेऊ दिले नाहीत. नवीन कार्डाला आमच्या मळ्यात रेंज नाही. त्यामुळं पोरं संध्याकाळी कट्ट्यावर बसून गप्पा मारतात. स्क्रीन टाइम कमी करायला एवढा उद्योग करायचा नव्हता, पण झाला.

शुक्रवार पेठ, नदीच्या बाजूला

२०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा घर सोडून निघालो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ च्या वर होतं. २०१९ ला तर उपसा केंद्रं बुडाली. दारात नदी आणि नळाला थेंब नाही, प्यायच्या पाण्यासाठी टँकरमागं पळायचं.

तेव्हापासून पंचगंगेबरोबर सासऱ्यांचं बीपी चढतं. चेष्टा नाही, मशीनवर दिसतं. पाऊस लागला की सासरे रात्री तीनला उठून मोबाईलवर फूट बघणार, राधानगरीच्या सातपैकी किती दरवाजे उघडले ते बघणार. ते दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपले आपण उघडतात, हे त्यांनीच आम्हाला शिकवलंय, तरी जागेच. झोप नाही म्हणून सकाळी उठायला उशीर, त्या गडबडीत गोळी राहते. यंदा माझ्या मुलीनं मोबाईल ताब्यात घेतला. दिवसातून दोनदा पातळी तीच सांगते, तीसुद्धा पाण्याचा ग्लास पुढं करून. "आजोबा, आधी गोळी, मग फूट."

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायचं निघाल्यापासून घरात दोन पक्ष आहेत. नवरा म्हणतो सगळा पूर तिथून मागं सरकतो. दीर म्हणतो, आणि इथं नदीच्या काठानं भराव टाकून इमारती उठल्या त्या कुणी बघायच्या? अलमट्टीला विरोध हवाच, पण मला दिराचं जास्त पटतं. भराव रोज डोळ्यांना दिसतो.

औषधांच्या चिठ्ठ्या आणि आठवडाभराच्या गोळ्या जूनपासूनच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दाराच्या खुंटीला लावते. कागदपत्रं त्याच पिशवीत.

कळंबा, नोकरी आणि संसार

गव्हाच्या चपात्या कमी करून नाचणीची भाकरी सुरू केलीय. पण थापताना कडा चिरतात, तव्यावर टाकली की दोन तुकडे. नवरा पापड म्हणतो. कुणी सांगेल का?

मंगळवार पेठ (धागा काढलेली)

सासूबाईंना विचारलं. त्या म्हणतात, उकड काढा. जेवढं पीठ तेवढंच पाणी, किंचित मीठ घालून उकळवा. खळखळ आलं की गॅस बंद करा, पीठ घालून उलथन्याच्या दांड्यानं ढवळा आणि झाकून पाच मिनिटं ठेवा. मग हात ओला करून कोमट असतानाच चांगलं मळा. सगळं पीठ एकदम मळून ठेवू नका, एकेका भाकरीपुरतं घ्या. एवढं करून चिरली तर पीठ जुनं आहे, गिरणीतून ताजं आणा.