फॅरडे एकटा घडला का?

तांब्याची तार (धागाकर्ता):
विजेवर आणि चुंबकावर मोठे शोध लावणारा शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे १७९१ साली लंडनजवळ एका लोहाराच्या घरी जन्मला. शाळेत लिहिणं, वाचणं आणि थोडे हिशेब, एवढंच झालं. पुढे जॉर्ज रिबो यांच्या दुकानात पुस्तकबांधणीची सात वर्षांची उमेदवारी. बांधायला आलेल्या ब्रिटानिका विश्वकोशात त्याने विजेवरचा लेख वाचला आणि झपाटला. १८१२ साली अर्ध्या पेनीची सात नाणी, जस्ताच्या सात चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे सहा तुकडे एकावर एक रचून त्याने बॅटरी केली! माझं मत स्पष्ट आहे: ओढ असलेल्या मुलाला शाळेत डांबू नका, पुस्तकं द्या.

शिलाई:
साफ असहमत. तुम्ही बाकीची माणसं गाळलीत. टेटम यांच्या विज्ञानावरच्या व्याख्यानांना दर वेळी एक शिलिंग लागे, तो थोरला भाऊ रॉबर्ट द्यायचा. तोही लोहारच. दुकानावर राहणाऱ्या मास्केरिए या चित्रकाराने आकृत्या काढायला शिकवलं. नामवंत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींच्या व्याख्यानांची तिकिटं विल्यम डान्स या गिऱ्हाइकाने दिली. तिथली टिपणं सुवाच्य लिहून, आकृत्या काढून फॅरडेने सुमारे तीनशे पानांची वही स्वतः बांधली आणि डेव्हींना पाठवली. ती वही डोळ्यांसमोर आणा. मजकूर डेव्हींचा, रेघा चित्रकाराच्या शिकवणीच्या, बांधणी रिबोंच्या हाताखालची. आणि एवढं होऊनही डेव्हींनी आधी सांगितलं की बाबा, बांधणीचा धंदा सोडू नकोस. डेव्हींच्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला मारामारीपायी काढलं, तेव्हा मार्च १८१३ मध्ये याला जागा मिळाली. आठवड्याला २५ शिलिंग आणि माळ्यावरच्या दोन खोल्या. ती जागा रिकामी झालीच नसती तर?

तांब्याची तार:
माणसं मिळाली, मान्य. पण ती त्याच्या धडपडीमुळे मिळाली. हजारो मुलांना मोठे भाऊ असतात.

गणितवाली:
दोघंही गणिताबद्दल बोलत नाही आहात. ते त्याला कधीच आलं नाही आणि ही उणीव आयुष्यभर राहिली. १८५७ मध्ये, पासष्टी उलटल्यावर, त्याने मॅक्सवेल या तरुण, गणितात तरबेज भौतिकशास्त्रज्ञाला पत्र लिहून विचारलं की गणिती चित्रलिपीतले निष्कर्ष साध्या भाषेत उतरवून देता येतील का. मला ते वाचून गलबलून येतं. शाळा नको म्हणताना हे पत्र विसरू नका.

तांब्याची तार:
पण गणित नव्हतं म्हणूनच त्याला चुंबकाभोवती बलरेषा, म्हणजे चुंबकाचं बल कुठल्या दिशेने जातं ते दाखवणाऱ्या रेषा, दिसल्या! मॅक्सवेलने गणित बांधलं ते त्याच रेषांवर.

गणितवाली:
'म्हणूनच' कशावरून? चुंबकावर कागद ठेवून, त्यावर लोखंडाचा कीस पसरून त्या रेषा तासन् तास बघायला गणित आड येत नाही. मी वर्गात आधी कीस पसरते, समीकरण नंतर लिहिते. मुलांना दोन्ही जमतं.

शिलाई:
भावाच्या शिलिंगाचं उत्तर अजून आलेलं नाही. ओढ असलेल्या, पण भावाच्या खिशात शिलिंग नसलेल्या मुलाने कुठे जायचं?