'टुक ऑफ हिज शूज' मधला 'हिज'

'ही टुक ऑफ हिज शूज' या वाक्यातला 'हिज' अनावश्यक आहे, असे एक मत मांडले जाते. ते मला पटत नाही. मराठीत 'त्याने बूट काढले' एवढे म्हटले की बूट त्याचेच, हे ऐकणारा गृहीत धरतो. इंग्रजीत मात्र अंगावरची वस्तू किंवा शरीराचा अवयव कोणाचा, हे सहसा सांगावेच लागते. 'शी वॉश्ड हर हँड्स' याचेही तसेच. ('ही टुक हर बाय द हँड' यात व्यक्ती कर्म म्हणून आधीच आलेली असल्याने 'द' चालतो.)

त्याहून महत्त्वाचा आहे तो शब्दक्रम. इथला 'ऑफ' क्रियापदाचाच भाग असल्यामुळे 'टुक ऑफ हिज शूज' आणि 'टुक हिज शूज ऑफ' ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत. पण बुटांऐवजी सर्वनाम आले की 'टुक देम ऑफ' एवढेच चालते, 'टुक ऑफ देम' चालत नाही. याउलट 'लुक्ड ॲट हिज शूज' यातला 'ॲट' पुढच्या नामाशी बांधलेला असतो, त्यामुळे सर्वनाम आले तरी 'लुक्ड ॲट देम' असेच म्हणावे लागते.

मात्र 'रवी लुक्ड ॲट सुरेश अँड पिक्ड अप हिज बॅग' यातली पिशवी नेमकी कोणाची, हे त्या 'हिज'वरून कळत नाही. मराठीत 'आपली पिशवी' आणि 'त्याची पिशवी' यांतून ते तत्काळ स्पष्ट होते. इंग्रजीत त्यासाठी 'हिज ओन' किंवा 'सुरेशेस' असे मुद्दाम लिहावे लागते.