अवांतर वाद: कुलूप लावायचं, उडवायचं की हलवायचं?

जोडाक्षर (धागाकर्ता)

मुक्तस्रोत प्रकल्पात (म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) एखाद्या बगची, म्हणजे त्यातल्या चुकीची, चर्चा सुरू असते. चौथ्या प्रतिसादाला कोणीतरी लिहितं, "मुळात ही प्रोग्रॅमिंग भाषाच चुकीची निवडलीत." पुढचे पन्नास प्रतिसाद त्या एका वाक्यावर, आणि बग जिथल्या तिथे. अशा वेळी बहुतेक मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) सरळ धाग्याला कुलूप लावतात, म्हणजे इतरांचे नवे प्रतिसाद बंद, काहीजण प्रतिसाद उडवतात. माझं मत असं की अवांतर मजकूर हलवावा, तोही लवकर. कुलूप शेवटी.

गिटहबवर, म्हणजे असे प्रकल्प जिथे ठेवतात त्या संकेतस्थळावर, हलवताना पहिली चूक होते ती अशी की लोक अख्खा इश्यू (बगची नोंद आणि तिच्याखालचा धागा) 'डिस्कशन'मध्ये, म्हणजे मोकळ्या चर्चेच्या विभागात, बदलून टाकतात. त्याने मूळ इश्यू बंद आणि लॉक होतो, म्हणजे वादाबरोबर बगही तिकडे गेला. त्यापेक्षा ज्या प्रतिसादापासून गाडी घसरली, त्याच्या तीन टिंबांच्या मेनूत 'रेफरन्स इन न्यू इश्यू' आहे, ते वापरा. मजकूर नव्या इश्यूत उतरतो. मग मूळ प्रतिसाद 'हाइड' करून कारण 'ऑफ-टॉपिक' द्या आणि खाली एकच ओळ टाका: "भाषेच्या निवडीवरची चर्चा इथे," पुढे दुवा. लपवलेला प्रतिसाद क्लिक केला की उघडतो आणि त्याचे जुने दुवेही चालतात. उडवलात तर त्याला आलेली उत्तरं अधांतरी राहतात. शिवाय प्रतिसाद उडवल्याची नोंद टाइमलाइनवर दिसतेच. "काय होतं त्यात? का उडवलं?" हा पुढचा वाद तयार.

डिस्कोर्स या चर्चामंचाच्या सॉफ्टवेअरवर हे बरंच सोपं आहे. पान्याच्या चिन्हाच्या मेनूतून पोस्टी निवडायच्या, नव्या विषयात हलवायच्या. जुन्या जागी दुवा आपोआप राहतो. झुलिप या गटचॅटमध्ये 'हा आणि यापुढचे सगळे' असा पर्याय मिळतो. तो सोयीचा वाटतो, पण मधल्या वेळात कोणी बगबद्दल कामाचं लिहिलं असेल तर तेही ओढलं जातं. आधी खालपर्यंत वाचून घ्या.

लवकर का, तर धागा लांबला की गिटहब मधले प्रतिसाद 'लोड मोअर'मागे दडवतं. नवा माणूस सुरुवात वाचतो, शेवट वाचतो आणि मध्ये निकालात निघालेला मुद्दा पुन्हा मांडतो. गो या प्रोग्रॅमिंग भाषेत चुका हाताळण्यासाठी 'ट्राय' ही नवी रचना आणायचा प्रस्ताव जून २०१९ मध्ये आला आणि जुलैच्या मध्यावर मागे घेतला गेला. तेवढ्यात त्याखाली सुमारे ९०० प्रतिसाद जमले होते. सगळे वाचून मग लिहिणारा माणूस कुठून आणणार? पाच-सहा अवांतर प्रतिसाद झाले की हलवा. पन्नास झाल्यावर हलवण्यासारखं काही उरत नाही.

---

खिळपट्टी

असहमत. हलवण्याचा खर्च तुम्ही धरलेलाच नाही. नवा इश्यू, लपवणं, दुवा. पहिल्या प्रतिसादाला एवढं केलंत, पण नंतरचे पंधरा लपवायचे तेही एकेक करून. हे कोण करणार? बहुतेक प्रकल्पांत एक-दोन माणसं असतात, तीही नोकरी सांभाळून.

दुसरं, हलवल्याने वाद निवतो हा समज. पायथन भाषेचा पेप ५७२ बघा (पेप म्हणजे भाषेत बदल सुचवणारा लेखी प्रस्ताव), म्हणजे वॉलरस ऑपरेटर, := हे चिन्ह, आणण्याचा प्रस्ताव. २०१८ मध्ये चर्चा आधी 'पायथन-आयडियाज' या ईमेल यादीवर रंगली, मग 'पायथन-डेव्ह'वर गेली. तिथे नवे वाचक आले आणि तेच मुद्दे पहिल्यापासून सुरू झाले. जागा बदलली की आधी काय बोलून झालंय याची माहिती मागे राहते. शेवटी प्रस्ताव मंजूर झाला आणि १२ जुलैला गिडो व्हॅन रॉसम यांनी भाषेचं नेतृत्व सोडलं. त्यांनी लिहिलेलं कारणही तेच होतं, एका पेपसाठी इतकं भांडावं लागलं.

माझा क्रम वेगळा आहे. आधी बघायचं की गर्दी आली कुठून. हॅकर न्यूज किंवा रेडिट अशा चर्चास्थळांवर दुवा पडला की तासाभरात अशी माणसं येतात ज्यांनी प्रकल्प कधी वापरलेलाही नसतो. अशा वेळी गिटहबच्या सेटिंग्जमध्ये 'मॉडरेशन'खाली 'इंटरॅक्शन लिमिट्स' (कोण लिहू शकेल यावरची मर्यादा) लावायची, 'प्रायर काँट्रिब्युटर्स'पुरती, म्हणजे आधी योगदान दिलेल्यांनाच लिहिता येईल अशी. मुदत २४ तासांपासून सहा महिन्यांपर्यंत निवडता येते. २४ तासच निवडा, कारण ही मर्यादा अख्ख्या रिपॉझिटरीला (प्रकल्पाच्या कोडच्या कोठाराला) लागते आणि खरा बग घेऊन आलेला नवखाही बाहेर राहतो. तरीही एकच इश्यू पेटलेला असेल तर त्याला कुलूप, कारण 'टू हीटेड'. कुलूप काढता येतं. मेंटेनरची गेलेली झोप परत येत नाही.

---

जोडाक्षर

बाहेरची गर्दी आली तर २४ तासांची मर्यादा, हे मान्य. मूळ लेखात ते यायला हवं होतं.

कुलपाबद्दल मात्र नाही. कुलूप लावलं की ज्यांना लिहिण्याचा अधिकार दिलाय तेवढेच बोलू शकतात. बग ज्याला हमखास पुन्हा घडवून दाखवता येतो, तो वापरकर्ता त्यात नसतो. तो दुसरा इश्यू काढतो, तुम्ही तो 'डुप्लिकेट' म्हणून बंद करता आणि मूळ इश्यूला तर कुलूप. त्याची माहिती जाणार कुठे? आणि पायथनच्या उदाहरणात चर्चा हलवताना आधीच्या मुद्द्यांचा सारांश वर चिकटवलेला असता तर पुनरावृत्ती कमी झाली असती. पहिल्या पोस्टमध्ये बाजूचे मुद्दे, विरोधातले मुद्दे आणि काय निकालात निघालंय एवढं लिहायला अर्धा तास पुरतो.

---

तळटीप

दोघेही साधनांवर बोलताय. माझ्या मते वाद बगखाली येऊन बसतो कारण तो मांडायची आणि निकाली काढायची रीत प्रकल्पात नसते. ज्याला भाषेच्या निवडीवर बोलायचंय त्याला कुठे बोलायचं, निर्णय कोण घेणार, कधी घेणार, हे माहीतच नसतं.

डेबियन या लिनक्स प्रणालीत सिस्टिमडीवर (संगणक सुरू होताना बाकीच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमवर) जे झालं ते आठवा. फेब्रुवारी २०१४ मध्ये तांत्रिक समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी निवडलं गेलं. नोव्हेंबरात सगळ्या सदस्यांचं मतदान झालं. त्या काळात कुठल्याही पॅकेजच्या चर्चेत हा विषय उपटायचा. नुसते हलवत राहून तो संपला नसता, मतदान लागलंच.

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेची पद्धत मला सर्वांत पटते. तिथे आरएफसीवर, म्हणजे बदलाच्या लेखी प्रस्तावावर, संबंधित संघाच्या सदस्यांना संमतीची खूण करावी लागते, अडलेल्या हरकती नोंदवाव्या लागतात आणि त्या मिटल्या की शेवटची दहा दिवसांची मुदत सुरू होते. त्या मुदतीत नवीन मुद्दा असेल तर आणा. जुनाच मुद्दा जोरात मांडला म्हणून काही बदलत नाही. 'अवेट' हा शब्द कोडमध्ये ज्या पदावलीला लागू होतो तिच्या आधी लिहायचा की नंतर, यावर तर प्रचंड रण माजलं होतं. भाषासंघाने पर्यायांची मांडणी लेखी दिली, आपला कल सांगितला, अभिप्राय मागवले आणि मे २०१९ मध्ये निर्णय घेतला. नोव्हेंबरात आवृत्ती १.३९ मध्ये तो आला. निर्णय न पटलेले बरेच होते, पण तारीख आधी माहीत असल्यामुळे इतर धाग्यांत तो वाद शिरल्यावर मॉडरेटरला बोट दाखवायला जागा होती.

---

खिळपट्टी

@तळटीप, डेबियनला त्याच विषयावर डिसेंबर २०१९ मध्ये पुन्हा मतदान घ्यावं लागलं, हेही लिहा. मतदानाने वाद संपतो असं नाही, काही वर्षं थांबतो. आणि तीन माणसांच्या प्रकल्पात आरएफसी, खुणा, दहा दिवस हे सगळं कोण चालवणार?

गोच्या संघाने जून २०२५ मध्ये केलं ते मला जास्त पटतं. चुका हाताळण्याच्या वाक्यरचनेवर अनेक वर्षं प्रस्ताव येत राहिले, कशावरच एकमत झालं नाही. संघाने सविस्तर कारणं देऊन जाहीर केलं की निव्वळ या वाक्यरचनेबद्दलचे प्रस्ताव, आधीचे असोत की नवे, आता खोलात न जाता बंद करू. तेही एका अर्थी कुलूपच, पण एका विषयाला. लहान प्रकल्पालाही हे जमतं: 'काँट्रिब्युटिंग' फाइलमध्ये (योगदानाचे नियम असतात ती) पाच ओळी लिहायच्या, की अमुक विषय बंद आहे, कारण हे, आणि अमुक बदललं तरच पुन्हा उघडू. मग तो विषय आला की फाइलच्या त्या ओळीचा दुवा द्यायचा आणि पुढे व्हायचं.

---

तळटीप

हे मान्य. इथे निर्णय आहे, कारणं आहेत आणि सगळ्यांना सारखाच लागू आहे. माझा आक्षेप रात्री दोनला वैतागून लावलेल्या, कारण न दिलेल्या कुलपाला आहे.

---

टपालहशील

ईमेल याद्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. तिथे 'विषय बदला' एवढं सांगून भागत नाही. उत्तर देताना फक्त सब्जेक्ट बदललात आणि कंसात जुना विषय लिहिलात तरी 'इन-रिप्लाय-टू' आणि 'रेफरन्सेस' हे हेडर (हे कोणत्या पत्राचं उत्तर आहे ते सांगणाऱ्या, सहसा न दिसणाऱ्या ओळी) तसेच जातात. मटसारख्या ईमेल प्रोग्रॅममध्ये तुमचा नवा विषय जुन्याच झाडाची फांदी म्हणून दिसतो. जीमेल मात्र सब्जेक्ट बदलला की संभाषण तोडतं. त्यामुळे अर्ध्या लोकांना वाटतं विषय हलला, अर्ध्यांना वाटतं तो अजून आपल्याच अंगणात चाललाय, आणि दोघे एकमेकांवर डाफरतात. खरंच वेगळं करायचं तर नवं पत्र लिहा, जुन्याचा अर्काइव्हमधला दुवा मजकुरात द्या. आलेला धागा आपल्यापुरता तोडायला मटमध्ये # ही कळ आहे.

---

शेवंती_६४

एक गोष्ट सगळ्यांकडून राहिली. अवांतर आणि अपमानास्पद या वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकाच डब्यात टाकल्या की पुढे घोळ होतो. शिवीगाळ 'ऑफ-टॉपिक' म्हणून लपवलीत तर सहा महिन्यांनी त्याच माणसावर कारवाई करताना नोंद काहीच नाही. त्याला 'अब्यूज' हेच कारण द्या. आणि असला मजकूर नव्या धाग्यात अजिबात हलवू नका, त्याला स्वतंत्र पान मिळतं.

उलटही होतं. सभ्य भाषेत, विषयाला धरून केलेला दबाव कोणत्याच नियमात बसत नाही. २०२२ मध्ये एक्सझेड या फायली लहान करणाऱ्या लायब्ररीच्या ईमेल यादीवर काही खाती एकट्या मेंटेनरला टोचत होती: कामं रखडलीत, दुसऱ्याकडे सोपवा. शिवी एकही नाही. २९ मार्च २०२४ ला त्या लायब्ररीत मागचं दार, म्हणजे चोरून आत शिरता येईल असा कोड, उघडकीला आलं. ते ठेवणारा त्याच दबावाच्या काळात आत आला होता. म्हणून मला विषय सुटला का यापेक्षा हे बघावंसं वाटतं की बोलणाऱ्या खात्याने याआधी प्रकल्पात काय केलंय.

आणि मॉडरेटरवर कोण? नोव्हेंबर २०२१ मध्ये रस्टच्या मॉडरेशन संघाने एकत्र राजीनामा दिला. त्यांचं म्हणणं होतं की मुख्य संघ कोणालाच उत्तरदायी नाही, त्यामुळे त्याच्यावर नियम लागू करता येत नाहीत. मेंटेनरच भांडणात असेल तर कुलूप त्याने लावू नये. दुसऱ्याने लावावं.

---

जोडाक्षर

@शेवंती_६४, शेवटचं वाक्य पूर्णपणे मान्य.

@खिळपट्टी, कुलूप लावायचंच असेल तर दोन अटी. शेवटच्या प्रतिसादात कारण आणि उघडण्याची तारीख लिहा, आणि बगची नवी माहिती कुठे द्यायची तो दुवा द्या. डिस्कोर्सवर विषय ठरावीक काळापुरता बंद ठेवता येतो, टायमर आपोआप उघडतो. गिटहबच्या कुलपाला टायमर नाही, त्यामुळे लावलं की राहूनच जातं. त्यासाठी कुलूप लावतानाच एक छोटा इश्यू काढा, 'अमुक क्रमांकाचं कुलूप काढणे', तो त्या तारखेच्या माइलस्टोनला (मुदत ठरवलेल्या टप्प्याला) जोडा आणि नेमून द्या. कोणाला ते वर आलंच आहे: ज्याने त्या वादात एकही ओळ लिहिलेली नाही, त्याला.